लेखी हुकूम मागणारा सार्जंट

तिव मुलखात, ग्बोको गावाजवळच्या आपल्या वस्तीत आंब्याखाली बसून म्हातारा अग्बेर इक्या लष्करातले दिवस आठवतो, तेव्हा त्या आठवणींत लढाई फार थोडी असते. जास्त असते ती सकाळची पलटण. उखळात उकडलेला याम कंद कुटल्याचा धपधप आवाज, ओल्या बुटांचा वास, आणि तीस जणांनी एका सुरात म्हटलेली, आईला ऐकवता येणार नाहीत अशी तिव भाषेतली गाणी.

अग्बेर मिशनच्या शाळेत शिकलेला. म्हणून १९६८ साली, इग्बो मुलूख देशातून फुटून निघाल्यावरची यादवी ऐन भरात असताना, कंपनीच्या कॅप्टनने सैन्याच्या नियमांची पातळशी पुस्तिका त्याच्याच हाती दिली. रोज सकाळी त्यातला एक नियम त्याने तिव भाषेत सांगायचा. शरण आलेल्याला मारायचं नाही. निःशस्त्र माणसाला हात लावायचा नाही.

"आज पाद्रीबाबा काय सांगणार?" कॉर्पोरल वान्तोर रोज विचारायचा आणि सगळी पलटण खिदळायची.

मग इग्बो मुलखातल्या एका गावात कॅप्टनने हेर समजून एका शाळामास्तराला उभं केलं आणि गोळी घालायला लावली. अग्बेर दहा पावलांवर होता. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या सकाळी त्याने पुस्तिका उघडली खरी, पण तोंडातून शब्द फुटेना.

"पाद्रीबाबांचा घसा बसलाय," वान्तोर म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तीन आठवड्यांनी कसाव्याच्या शेतात लपलेले सात जण सापडले. अंगावर गणवेश नाही, हातात शस्त्र नाही. सगळ्यांना ओळीत बसवलं.

"सार्जंट, संपवा यांना," कॅप्टन म्हणाला. "गणवेश टाकून पळालेले शिपाई आहेत."

"असतील, साहेब. मग ते कैदी झाले."

"मला कायदा शिकवतोस?"

"तुम्हीच पुस्तिका दिलीत, साहेब. मी फक्त वाचतो." अग्बेरची जीभ थांबेना. "मारायचंच असेल तर हुकूम लिहून द्या. खाली सही करा."

कॅप्टनने खिशातलं पेन काढलं, हातात फिरवलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मग तो वान्तोरकडे वळला. "कॉर्पोरल, तू!"

"साहेब, माझ्या बंदुकीत माती गेलीय."

त्याची बंदूक आरशासारखी लखलखत होती.

"तुझ्या?" कॅप्टनने पुढच्याला विचारलं.

"माती, साहेब."

"माझ्याही, साहेब," तिसरा म्हणाला.

शेवटी कॅप्टन थुंकला. "न्या यांना ब्रिगेडला. आणि ह्या वकिलाच्या फिती उतरवा."

सातही जण जिवंत पोचले. त्यांच्या नावांची पावती अग्बेरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. लढाई संपेपर्यंत तो मुदपाकखान्यात याम कुटत राहिला.

"सार्जंटसाहेब, मीठ कमी पडलंय!" वान्तोर ताट पुढे करून ओरडायचा.

"गप खा, लेका. नाहीतर उद्या उपाशी ठेवीन."

आपल्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे महिने तेच, असं अग्बेर सांगतो. बायकोला ते अजून पटलेलं नाही. फिती गेलेला माणूस सुखी कसा असेल? पण त्याला रात्री झोप लागायची. शाळामास्तराचा चेहरा मात्र कधी पुसला गेला नाही. त्याच्या वेळी गप्प राहिलो ते राहिलोच, असं तो म्हणतो आणि नजर जमिनीकडे वळवतो.

लढाईनंतर वान्तोर दर सुगीला भेटायला यायचा. दोघं बुरुकुतूचा, म्हणजे ज्वारीच्या दारूचा, भोपळा मध्ये ठेवून दिवसभर जुनी गाणी म्हणत बसायचे. गेल्या वर्षी वान्तोर वारला. अग्बेर त्याच्या गावी, काट्सिना-अलाला, मातीला गेला, तेव्हा कळलं की बापाने पोरांना लष्करातलं काहीच सांगितलं नव्हतं. मग तो चार दिवस तिथेच राहिला आणि सगळं सांगितलं, शाळामास्तरासकट.

निघताना थोरल्या मुलाने त्याची पिशवी उचलली.

"काका, परत कधी येणार?"

"सुगीला," अग्बेर म्हणाला. "आता यायची पाळी माझी."