नामीने उत्तर दिलं नाही

कोर्टात तिला सगळे पेन्सिलताई म्हणायचे. वकील, शिपाई, एवढंच काय, जुने न्यायाधीशसुद्धा. चौतीस वर्षं ती तिथे लघुलेखक होती. सकाळी आल्याआल्या सहा पेन्सिली दोन्ही टोकांनी तासून ओळीने मांडायच्या, वहीची पानं अंगठ्याने मोकळी करायची आणि मग साक्षीदाराच्या तोंडातून जे पडेल ते कागदावर उतरवायचं. खरं काय नि खोटं काय, हे ठरवणं तिचं काम नव्हतं. कोण बोललं, कोणाला बोललं, काय बोललं, एवढंच. साक्षीदाराने उत्तर दिलं नाही तर तेही लिहायचं, कंसात: ‘साक्षीदार गप्प’. नवे लघुलेखक हे हटकून विसरायचे. ती कधी विसरली नाही. एकदा एका वकिलाने त्यावरून डोळे वटारले, तर ती शांतपणे म्हणाली होती, "साहेब, तुम्ही विचारलंत ते लिहिलं. त्याने सांगितलं नाही, ते नको लिहायला?"

घरात ती आणि सासूबाई, दोघीच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मध्ये दार नाही, नुसता पडदा. नवरा बावीस वर्षांपूर्वी गेला. दुपारी कामावर खुर्चीत बसला होता, तो उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या, पण कान तिखट. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, आणि दिवसभर लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. अजूनही जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते त्या दार उघडायच्या आत सांगत.

नवरा गेला त्यानंतर आठवड्याभराने तिचा थोरला भाऊ तिला न्यायला आला होता. "चल आमच्याकडे. इथे काय उरलंय आता तुझं?" असं त्याने सासूबाईंच्या देखतच विचारलं. ती म्हणाली, "दादा, मी कुठे जात नाही. आई जिथे, तिथे मी." आता सासूबाई काहीतरी म्हणतील, निदान मान हलवतील, असं तिला वाटलं. त्या उठल्या, खिडकीतल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढू लागल्या आणि एकेक घडी घालत बसल्या. भाऊ चहा पिऊन निघून गेला.

वर त्याच वर्षी आणखी एक झालं. सासूबाईंची एक्स्चेंजमधली जुनी मैत्रीण भेटायला आली. तिच्या गळ्यात पडून सासूबाई म्हणाल्या, "भरलं घर होतं गं माझं. आता माझं म्हणावं असं कोणी उरलं नाही." पेन्सिलताई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन पडद्याशी उभी होती. तिने कप खाली ठेवले, बिस्किटं पुढे केली आणि आत जाऊन उगाचच डबे पुसत बसली.

या गोष्टींचा उच्चार तिने कधी केला नाही. दोन बायका एका छपराखाली राहायला लागल्या की रुसायला सवड कुठली? पाणी भरा, औषधं आणा, भाजी निवडा. दिवस गेले, बरेही गेले. पण सल होता तो होताच.

ती निवृत्त झाली त्या वर्षी चर्चच्या पाळकांनी तिला गाठलं. प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी बायकांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग भरायचा. तो चालवणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई लेकीकडे कायमच्या निघून गेल्या होत्या.

"तुम्ही घ्या ना वर्ग," पाळक म्हणाले. वयाने ते तिच्या निम्मे, पण बोलणं आर्जवी.

"मला प्रवचन येत नाही हो. मला फक्त कोण काय बोललं तेवढं कळतं."

"मग तेवढंच सांगा. आम्ही पाळकलोक तेच सोडून बाकी सगळं सांगत असतो."

तिने बायबलातली रूथची गोष्ट निवडली. लहान आहे, चारच अध्याय, म्हणून. निदान स्वतःला तरी तिने तसंच सांगितलं. परदेशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी आपल्या गावी परत निघते, आणि तिची विधवा सून रूथ, परक्या मवाब देशातली, तिची पाठ सोडत नाही, ही ती गोष्ट. पेन्सिलताईने लहानपणापासून ती शंभरदा ऐकली होती. या वेळी तिने ती साक्षीच्या कागदासारखी वाचली. वहीत रकाने आखले: कोण बोललं, कोणाला, उत्तर आलं की नाही. आणि तिच्या ध्यानात आलं की निम्म्याहून जास्त गोष्ट नुसती बोलण्यातच घडते. सांगणारा माणूस स्वतः मोजकंच बोलतो, मग बाजूला होतो आणि माणसांना बोलू देतो. बोलण्याचा कागद भरला की कंसातल्या जागा जास्त उठून दिसतात, हे तिला धंद्यानेच शिकवलं होतं.

शनिवारी खोलीत चौदा बायका होत्या. पंखा कुरकुरत होता. सासूबाई मागच्या रांगेत, खिडकीजवळच्या हाताच्या खुर्चीत.

सुरुवात झकास झाली. पहिल्या अध्यायात ‘परत’ हा शब्द किती वेळा येतो ते तिने बायकांना मोजायला लावलं. परत जा, परत जाते, परत येणार नाही, परत आली. शिवणकाम करणारी एक बाई बोटांवर मोजता मोजता मध्येच थांबली.

"ताई, इथे चुकलंय. रूथ परत आली म्हणतात. ती तर त्या गावी जन्मात गेली नव्हती. मग परत कुठून येईल?"

"चुकलेलं नाही," पेन्सिलताई खुलून म्हणाली. "सांगणाऱ्याने मुद्दाम ठेवलंय. ती कुठल्या गावाला आली नाही, माणसाकडे आली. तिचं घर म्हणजे नामी, असं त्याला म्हणायचं असेल. आणि गंमत बघा, हाच सांगणारा तिला ‘मवाबी, मवाबी’ म्हणायचंही सोडत नाही. म्हणजे आली खरी घरी, पण गाव अजून परकीच म्हणतंय."

बायका पुढे सरसावून बसल्या. इथवर सगळं छान चाललं होतं. मग ती रूथच्या शपथेपाशी आली. तू जाशील तिथे मी, तुझे लोक ते माझे, तू मरशील तिथे मी मरेन, असं ती पोर बोलून जाते, तिथे.

"एवढं मोठं बोलली," ती म्हणाली. "आता पुढे बघा. नामी काय म्हणते?"

पानं चाळल्याचा आवाज झाला.

"काहीच नाही," कोणीतरी म्हणालं.

"काहीच नाही. नामीने उत्तर दिलं नाही. लिहिलंय काय, तर ती पुढे बोलायची थांबली. बस्स." तिचा आवाज तिच्याही नकळत चढला होता. "आणि मग गावात पोचल्यावर बायका जमतात, तेव्हा हिला वाचा फुटते. काय म्हणते? भरलेली गेले होते, रिकामी आले. रिकामी! आणि रूथ शेजारी उभी आहे, चालून चालून पायाला फोड आलेली. ही रिकामी कशी? मी कोर्टात असते तर लिहिलं असतं, साक्षीदार गप्प, आणि नंतर बोलली ती खोटं बोलली."

दोन-तीन बायका हसल्या. पेन्सिलताई हसली नाही. हातातली पेन्सिल तिने इतकी आवळली होती की टोक वहीत रुतून तुटलं.

"मला बोलायचंय," मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. सासूबाई वर्गात कधी बोलत नसत.

"मी लाइनवर सव्वीस वर्षं काढली," त्या म्हणाल्या. "गप्प दोन तऱ्हेचं असतं. लाइन मेली की एक, आणि माणूस तिकडे आहे पण बोलत नाही ते दुसरं. कागदावर दोन्ही सारखंच दिसेल. कानाला कळतं. श्वास असतो." त्यांनी पेन्सिलताईकडे बोट केलं. "ही सून चांगली शिकवतेय. पण पहिल्या अध्यायावरच खटला निकालात काढतेय. दुसरा कोण वाचणार?"

"वाचते ना," पेन्सिलताई पुटपुटली.

"वाच. रूथ विचारते, शेतात धान्य वेचायला जाऊ का. आता नामी काय म्हणते?"

"जा, माझ्या मुली."

"आलं ना उत्तर? उशिरा आलं. पण आलं. आता संध्याकाळचं वाच. पोर धान्य घेऊन येते, शेतमालकाचं नाव सांगते. नामी काय म्हणते त्याच्याबद्दल?"

पेन्सिलताईने ओळीवर बोट ठेवलं. "तो माणूस... आपल्या नात्यातला आहे."

"पुन्हा."

"आपल्या नात्यातला."

"आमच्या नाही म्हणाली," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या नवऱ्याकडचं माणूस. आमच्या म्हणाली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. पण आपल्या म्हणाली. म्हणजे हिच्याही. अगं, ‘आम्ही’तून ‘आपण’मध्ये यायला माणसाला वेळ लागतो. पहिल्या अध्यायात तिला ते जमलं नाही. दुसऱ्यात जमलं. बोलणं ऐकायचं तर लाइन मध्येच कापायची नसते."

शिवणकाम करणारी बाई पदराने डोळे टिपत होती. का, ते तिचं तिलाच ठाऊक. पेन्सिलताईने वर्ग दहा मिनिटं आधीच संपवला. तो वर्ग दहा मिनिटं आधी संपल्याचं पूर्वी कधी कोणी पाहिलं नव्हतं.

दोघी घरी आल्या. जिने चढताना सासूबाईंचा हात नेहमीसारखा तिच्या दंडावर. वर गेल्यावर तिने दिवा लावला, चहा टाकला. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून चपलांशी झटत होत्या.

"त्या दिवशी तू ट्रे घेऊन उभी होतीस," त्या खाली बघतच म्हणाल्या. "बोलून गेल्यावर दिसलीस मला."

तिने गॅस बारीक केला.

"मी खोटं नव्हते बोलले गं. तेव्हा मी खरंच रिकामी होते. रिकाम्या माणसाला शेजारचं दिसत नाही. पण दिसल्यावर तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बावीस वर्षं नाही सांगितलं. ते चुकलंच माझं."

"आणि दादा आला होता तेव्हा?" तिने विचारलं. "तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत. नुसत्या घड्या घालत बसलात."

"बोलले असते तर काय बोलले असते? थांब, असंच ना? तू चाळिशीचीही नव्हतीस. मी थांब म्हटलं म्हणून तू अडकून पडावंस, हे मला नको होतं. आणि जा म्हणायचं धाडस होईना. तोंड उघडलं असतं तर थांबच निघालं असतं." सासूबाईंनी एकदाची चप्पल काढली. "त्या दिवशी एकाच चादरीची घडी तीनदा घातली मी. तू पाहिलं नाहीस."

पेन्सिलताई हसायला गेली आणि भर स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडायला लागली. चहा उतू गेला. सासूबाईंनी उठून गॅस बंद केला, तिला खुर्चीवर बसवलं आणि ती कोर्टातून दमून आली की करत तशी तिची बोटं एकेक करून चोळत राहिल्या.

रात्री आडवं झाल्यावर तिला एकेक आठवत गेलं. आपला जिना. आपली खिडकी. ‘आपल्या दारात कोण उभं आहे बघ.’ सासूबाई किती वर्षं असं बोलत होत्या कोण जाणे. चौतीस वर्षं शब्द न् शब्द टिपणाऱ्या बाईने घरातला हा शब्द कुठेच टिपला नव्हता.

त्यानंतर शनिवारचा वर्ग दोघी मिळून घेऊ लागल्या. घेऊ लागल्या म्हणजे भांडू लागल्या. सून रकाने वाचून दाखवायची, सासू खोडून काढायची, आणि बायका दोन्हीकडून साक्ष द्यायच्या. चौदाच्या तीस झाल्या. पाळक दाराबाहेर उभे राहून चोरून ऐकतात आणि रविवारी तेच स्वतःच्या नावावर खपवतात, असं सासूबाई खुशाल सांगायच्या. पाळकही नाकारत नसत.

पुढे दोन वर्षांनी सासूबाईंचे कान गेले. यंत्र आणलं, पण त्यात सगळे आवाज एक होतात म्हणून त्या ते काढून ठेवत. मग पेन्सिलताई वर्गात बसल्या जागी मोठ्या अक्षरांत बायकांचं बोलणं लिहून एकेक कागद त्यांच्या हातात देऊ लागली.

हागारेच्या, म्हणजे धन्याने पोरासकट घराबाहेर काढलेल्या दासीच्या, गोष्टीचा दिवस होता. रानात पाणी संपलेलं. हागार आपल्या पोराला झुडपाखाली ठेवते आणि त्याचं मरण बघवत नाही म्हणून लांब जाऊन बसते. पेन्सिलताईने विचारलं, "इथे लिहिलंय की आई मोठ्याने रडली. आणि लगेच पुढे लिहिलंय की देवाने मुलाचा आवाज ऐकला. मुलगा रडल्याचं तर कुठे लिहिलेलंच नाही. मग आवाज आला कुठून?" कोणी म्हणालं, लिहायचं राहिलं. कोणी म्हणालं, आईचं रडणं ते मुलाचंच.

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून सगळं वाचून काढलं. मग त्या, आपला आवाज किती मोठा येतोय याचा अंदाज नसल्यामुळे, खोली दणाणेल अशा बोलल्या.

"पोरगं रडत होतंच! एका लाइनवर दोन आवाज आले की मोठा बारक्याला खातो. सांगणारा आईजवळ उभा होता, त्याला काय ऐकू येणार? देव पोराजवळ होता."

पेन्सिलताईने ते वाक्य उतरवून घेतलं, तारीख घातली, आणि सासूबाईंना शाल पांघरवून घरी घेऊन निघाली. वाटेत त्या विचारत होत्या, "फार ओरडले का गं मी?" आणि ती मान हलवून नाही, नाही म्हणत होती.