चिंधीचं माप

शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवण्याआधी मावशी रोज वाकून खाली बघायची. तिथल्या अंधारात चिंधी झोपलेली असायची. मावशी तिला हळूच ढोसायची, "सरका बाईसाहेब, पोटापाण्याचा प्रश्न आहे," म्हणायची, आणि मांजर आळोखेपिळोखे देत कात्रणांच्या टोपलीत जाऊन पडायची. मग दिवसाची पहिली शिवण सुरू व्हायची.

जिन्याखालच्या त्या अरुंद खोलीत मावशी तीस वर्षं कपडे शिवत होती. सोबत राहणारी भाची सोडली, तर तिला मावशी म्हणणाऱ्या कुणाशीच तिचं नातं नव्हतं. लग्न झालं, मोडलं, मूलबाळ नाही. कुणी त्याबद्दल विचारलंच तर ती तोंडात टाचण्या धरायची.

चिंधी वर्षाची होत आली तेव्हा भाचीने ऑपरेशनचा विषय काढला. बोके दाराशी येऊन मारामाऱ्या करतात, चिंधी दिवसदिवस केकाटते, उद्या पिल्लं झाली तर कुणाच्या गळ्यात बांधणार, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. मावशीने कात्री थांबवली नाही.

"एकदा तरी आई होऊ दे तिला," ती म्हणाली. "मग बघू."

भाचीने बटणांचा डबा पुढे ओढला.

काही महिन्यांनी चिंधीचं पोट वाढायला लागलं आणि मावशी हरखली. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत तिने चिंधीचं पान उघडलं. कंबर पंधरा इंच, आठवड्याने साडेसोळा, पुढच्या आठवड्यात अठरा. एखाद्या बाईला दिवस गेलेत हे घरच्यांच्या आधी मावशीला टेपवरून कळायचं, अशी तिची ख्याती होती. त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. जुन्या अस्तराची एक इवलीशी गादीही तिने शिवून ठेवली.

चिंधी सारखं पाणी पिते, खात काहीच नाही, हे भाचीने दोनदा बोलून दाखवलं. डॉक्टरकडे नेऊ या म्हणाली. मावशी हसली. "डोहाळे आहेत गं. तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाली. कळायचं तर मावशीलाही तेवढंच कळत होतं.

ज्या दिवशी चिंधी टोपलीतून उठलीच नाही, त्या दिवशी मावशीने मशीन झाकलं आणि तिला टॉवेलमध्ये गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात फिरवला, यंत्राच्या पडद्यावर बघितलं.

"पिल्लं नाहीयेत, मावशी. गर्भाशयात पू झालाय."

ऑपरेशन लगेच केलं, पण उशीर झाला होता. चिंधी टेबलावरच गेली. नंतर हात पुसत डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ऑपरेशन न केलेल्या मादीला माजानंतर हा आजार होऊ शकतो. वेळेवर गर्भाशय काढलं असतं तर तो झालाच नसता. आणि एकदा पिल्लं होऊ द्यावीत अशी मांजरीला काही गरज नसते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशीला घरी येताना वाटत राहिलं. माप बरोबरच होतं. आत काय वाढतंय ते टेपला कळत नाही. हवंसं होतं ते तिने स्वतःच धरून घेतलं होतं.

मावशीने गादी उसवली, पण अस्तर कशालाच वापरलं नाही.

पुढे एक शाळामास्तरीण पडदे शिवून घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, आमच्या मनीला एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग करू ऑपरेशन. मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि चिंधीचं सगळं सांगितलं. स्वतःचा दोष कुठेही झाकला नाही. शेवटी म्हणाली, मांजर दवाखान्यात जाऊन आली नाही तर पडदेही मिळायचे नाहीत. बाईंना ही थट्टा वाटली. दोन आठवडे पडदे खरोखरच मिळाले नाहीत, तेव्हा त्या वैतागून का होईना, मनीला घेऊन गेल्या.

ऑपरेशन झाल्यावर त्या पिंजरा घेऊनच दुकानात आल्या. आत मनी पेंगत होती. मावशी जाळीसमोर बसली, पण तिने आत बोट घातलं नाही.

मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "दहा दिवस उंचावरून उडी मारू देऊ नका हं. आणि खायला थोडं थोडंच द्या."