एकोणिसावे प्रमाणपत्र

बशीर तांबोळी सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि भांडण अर्थातच मी काढले होते. आमच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते आणि सर फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते. पहिल्याच आठवड्यात ते आपल्या संघातल्या अठरा मुलांना घेऊन वाचनकक्षात आले आणि सराव संपल्यावर तासभर इथेच अभ्यास करायचा, असे त्यांना सांगू लागले. मुलांच्या बुटांना मैदानाचा चिखल होता. मी म्हटले, "अहो, हे ग्रंथालय आहे, भाताचं खाचर नाही." सरांनी वाद घातला नाही. ते बाहेर गेले, फरशी पुसायचे फडके कुठूनसे शोधून आणले आणि मुलांच्या देखत स्वतः फरशी पुसली. मग अठरा जोड बूट दाराबाहेर ओळीने लावून घेतले. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या ग्रंथालयात पादत्राणे बाहेर काढण्याची पद्धत टिकली, ती त्या दिवसापासूनची.

सरांच्या घराण्याचे मंडईजवळ विड्याच्या पानांचे दुकान आहे. भावांनी दुकान सांभाळले, सर एकटेच चेंडूच्या मागे गेले. श्रावणात माझ्याकडे सत्यनारायण असतो हे त्यांना कोणीतरी सांगितले आणि पहिल्याच वर्षी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने माझ्या टेबलावर आली. "देठासकट आणलीत बाई. बिनदेठाचं पान तुम्ही शेरा मारून परत पाठवाल," असे म्हणून सर हसले. तेव्हापासून एकही श्रावण चुकलेला नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण मधला एक श्रावण चुकला असता तरी सरांना कोणी बोल लावला नसता.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळजण माझ्याबरोबर मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेले आहेत, त्यांना तो काळ आठवत असेल. आधीचा संघ होता तो बाहेरून गोळा केलेल्या तयार खेळाडूंचा. ते एकदम पदवी घेऊन गेले आणि सरांच्या वाट्याला आली नवखी पोरे. कोणी विश्रांतवाडीचे, कोणी येरवड्याचे, काही वसतिगृहात राहणारी, विदर्भातून शिकायला आलेली. अर्धीअधिक गवतावर कधी बूट घालून खेळलेली नव्हती. सरांनी कार्यकारिणीला सांगितले होते, "तीन वर्षं द्या." आम्ही पायऱ्यांवरच्यांनी तीन सामने दिले.

शिवाय सरांची एक पद्धत आम्हाला अजिबात पटत नव्हती. सामना सुरू झाला की ते मैदानाच्या कडेला एक प्लास्टिकची बादली पालथी घालून तिच्यावर बसत आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत तोंड उघडत नसत. समोरच्या संघाचे प्रशिक्षक घसा बसेपर्यंत ओरडत, हातवारे करत. आमचे सर नुसते बघत. गोल झाला तरी बघत, गोल खाल्ला तरी बघत. पायऱ्यांवर आम्ही म्हणायचो की यांना काही कळत नाही, म्हणून हे बोलत नाहीत. एकदा संघाचा कप्तान सुमित पुस्तक बदलायला आला होता, त्याला मी विचारलेसुद्धा की तुमचे सर ओरडत का नाहीत. तो यवतमाळकडचा, सरळ मुलगा. म्हणाला, "मॅडम, ते ओरडले तर आम्ही त्यांच्याकडे पाहू ना. ते गप असले की एकमेकांकडे पाहावं लागते." मी पुस्तकावर शिक्का मारला आणि विषय सोडून दिला. उत्तर माझ्या हातात आलेले होते, ते मी ऐकून घेतले नाही.

आता फळ्याविषयी लिहिणे भाग आहे. मैदानाच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. माझे अक्षर बरे, म्हणून प्रत्येक सामन्याचा निकाल त्यावर लिहायचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिले होते. निकालाखाली एका ओळीचा शेरा लिहिण्याची प्रथा मात्र माझी स्वतःची. पुण्यात खवचट पाटी लिहिणाऱ्याला जो मान मिळतो तो मला त्या फळ्याने मिळवून दिला. मुले फोटो काढत, ते फोनवरून फिरत, माजी विद्यार्थी परगावाहून कळवत की बाई, आजचा शेरा झकास. सामना हरलो की माझी ओळ अधिक चांगली सुचायची, हे मला लवकरच कळले. कबूलच करायचे तर पुढेपुढे मी हरण्याची वाट बघू लागले होते. जिंकलेल्या सामन्यावर काय लिहिणार?

दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस आमचा संघ चार गोलांनी हरला. सर नेहमीप्रमाणे बादलीवर बसून होते. मी फाटकाशी गेले, खडू घेतला आणि लिहिले: "निकाल ०–४. प्रशिक्षक उपस्थित होते."

पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. मी मागे वळून पाहिले तेव्हा सर गोलाच्या जाळ्या सोडवत होते. पुढचा सामना होईपर्यंत फळा पुसायचा नाही असा आमचा रिवाज, आणि त्या हंगामात पुढचा सामना नव्हता. सर रोज पहाटे सहाला फाटक उघडत. म्हणजे सुट्टी लागेपर्यंत ते रोज त्या ओळीशेजारून आत गेले. ओले फडके त्यांच्याकडे असायचेच. त्यांनी ती पुसली नाही.

त्या फळ्याचा फोटो कार्यकारिणीच्या बैठकीत पोचला. एका सदस्यांनी तो सर्वांना दाखवला आणि म्हणाले, "ग्रंथपालबाईंनासुद्धा दिसतंय, मग आपल्याला का दिसू नये?" सरांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते. दहा मिनिटांत त्यांना आत बोलावून सांगण्यात आले की संघ दुसऱ्याकडे देत आहोत, आपण क्रीडासाहित्याची खोली सांभाळावी. मागितलेले तिसरे वर्ष गेले. हे मला कार्यालयातून त्याच दिवशी कळले. मी वर जाऊन म्हणू शकले असते की ती ओळ गंमत होती, तिच्यावरून कोणाचे काम काढून घेऊ नका. मी गेले नाही. लोक आपल्या ओळीवरून निर्णय घेतात याचा मनात कुठेतरी थोडा गर्वही झाला होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण गौरवग्रंथात निदान खरे तरी लिहावे.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत सर ग्रंथालयात आले. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार, आणि मी चार उत्तरे तयारही केली. ते म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. एक काम कराल?" मी पक्की पुणेकर, मला वाटले टोमणा आहे. पण त्यांनी पिशवीतून जाड कागदांचा गठ्ठा काढला. संघातल्या अठराही मुलांना निरोपाचे प्रमाणपत्र द्यायचे होते आणि ते छापील नको, हाताने लिहिलेले हवे होते. मुलाचे नाव आणि खाली एकच ओळ. सर सांगू लागले आणि मी लिहू लागले.

गोलरक्षकासाठी: "गोल खाल्ल्यावर चेंडू स्वतः उचलून मध्यावर न्यायला शिकला." एका तापट मुलासाठी: "पंचांची माफी मागायला शिकला. एकदाच, पण मनापासून." दोन वर्षांत जेमतेम खेळायला मिळालेल्या एकासाठी: "बाकावर बसून मित्राच्या गोलाला उडी मारायला शिकला." सुमितसाठी: "मान वळवून बघायला शिकला."

अठरा मुलांच्या अठरा ओळी, एकही तयारी करून आणलेली नाही, एकही दुसरीसारखी नाही. मी एका ओळीत माणूस उडवत होते, आणि हे गृहस्थ तेवढ्याच जागेत माणूस उभा करत होते. गठ्ठ्यात एक कागद जास्तीचा निघाला. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हटले, "सर, हा तुमच्या नावानं लिहू का?"

सर हसले. "माझं आधीच लिहून झालंय की, बाई," म्हणाले, आणि गठ्ठा सारखा करून निघून गेले. बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरे झाले असते, मला परत काहीतरी बोलता आले असते. तो कोरा कागद टेबलावर राहिला.

त्या वर्षीच्या श्रावणात पाने आली. देठासकट.

पुढच्या हंगामात नव्या प्रशिक्षकांनी तोच संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेला. सामना आमच्याच मैदानावर होता आणि मुलांनी ढोल-ताशा आणला होता. नवे प्रशिक्षक कडेने धावत ओरडत होते, पण त्या दणदणाटात शेजारच्याचे शेजाऱ्याला ऐकू येत नव्हते, मैदानातल्या मुलांना काय येणार? मध्यंतराआधी आपण गोल खाल्ला. आणि मग मी पाहिले की आमच्या गोलरक्षकाने जाळ्यातून चेंडू उचलला आणि स्वतः चालत जाऊन मध्यावर ठेवला. सुमितने मान वळवून मागे कोण मोकळा आहे ते पाहिले आणि चेंडू तिकडे दिला. बरोबरीचा गोल झाला तेव्हा बाकावरचा एक मुलगा सर्वांत उंच उडाला. तापट पोराच्या पायात पाय घातला गेला, तरी तो उठून नुसता परत जागेवर गेला. मी लिहिलेली प्रमाणपत्रे माझ्या डोळ्यांसमोर खेळत होती. पायऱ्यांवर सगळे नाचत होते आणि मला रडू येत होते. शेजारचे म्हणाले, "बाई, अहो, आपण जिंकतोय!"

आपण २–१ जिंकलो. सकाळी मैदानावर चुन्याची फक्की मारून रेषा आखणारे तांबोळी सर फाटकाशी, त्या फळ्याजवळच उभे होते. त्यांच्या हातांना चुना तसाच होता. मी खडू घेतला आणि निकाल लिहिला. मागून मुले ओरडत होती, "बाई, शेरा! शेरा!" सरांचे नाव लिहायला एवढीशी जागा लागली असती. पण कार्यकारिणीचे सदस्य हार घेऊन नव्या प्रशिक्षकांकडे निघाले होते, माझ्या निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती, आणि मी खडू ठेवून दिला. जिथे लिहायला नको होते तिथे मी लिहिले आणि जिथे लिहायला हवे होते तिथे मूग गिळले. पहिल्या चुकीपेक्षा मला ही दुसरी जास्त छळते. सर मात्र पुढे येऊन म्हणाले, "चला, शेऱ्याशिवायही निकाल छान दिसतो," आणि मुलांनी काढून फेकलेले बूट ओळीने लावू लागले. मुलांनी त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा चुन्याचे हात दाखवून ते बाजूला झाले.

त्यानंतर मी फळ्यावर फक्त निकाल लिहिले. लोकांना वाटले, बाई थकल्या.

हरणाऱ्या प्रशिक्षकाशी प्रेक्षकांनी कसे वागावे, याचा विचार करायला मला निवृत्तीनंतर भरपूर वेळ मिळाला आहे. अजूनही पायऱ्यांवर बसणाऱ्यांनी म्हातारीचे ऐकायचे तर ऐकावे. चुकले तर चुकले म्हणावे, त्यात काही वाईट नाही. पण ते फाटकावर लिहून पाठ फिरवून नव्हे. आधी त्या माणसाला विचारावे की तुम्ही काय करू बघताय, आणि उत्तर मिळाले तर ते शिक्का मारून बाजूला ठेवू नये. मुदत मागितली असेल तर ती संपू द्यावी. आपण संध्याकाळी दोन तास येतो, तो पहाटे सहाला फाटक उघडतो, एवढे ध्यानात ठेवले तरी जिभेला आपोआप आवर बसतो.

सर यंदा साठ वर्षांचे झाले. रविवारी सकाळी ते येरवड्याच्या मैदानावर लहान मुलांना शिकवतात. मी दोनदा जाऊन पाहिले. बादली नवी आहे, गप्प बसणे तेच आहे. हा ग्रंथ काढायचे सुमितने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवले. सुमित माझ्याकडे आला, तेव्हा मी म्हटले, "अरे, माझ्याकडून कसला लेख घेतोस? मी काय केलंय ते तुला ठाऊक आहे." तो म्हणाला, "ठाऊक आहे मॅडम. म्हणून तुम्हीच लिहा."

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. त्या बादलीवरून कोणाचा हात न धरता उठता यावे एवढे बळ आपल्या गुडघ्यांत राहो, आणि आपण मागाल तेवढी वर्षे यापुढे आपल्याला मिळोत. श्रावणात पाने आणायला आपण स्वतः यावे, ती घ्यायला मी असावे, एवढे थोडे माझ्यासाठीही मागते.

आणि तो जास्तीचा कागद मी फेकला नव्हता. इतकी वर्षे टेबलाच्या खणात होता, निवृत्त झाले तेव्हा घरी आणला. या ग्रंथाच्या प्रकाशन समारंभात तो आपल्या हाती देणार आहे. अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही, हात कापतो. नाव आणि खाली एकच ओळ, आपल्याच पद्धतीने:

"बशीर तांबोळी. दोन वर्षे हरले, आणि तेवढ्यात अठरा मुले घडवली."

आपलं आधी लिहून झालं नव्हतं, सर. ते मी आत्ता लिहिलं आहे.

— विजया लिमये