पैलतीराचा गूळ

त्रिशलावैनींबद्दल लिहायचं तर सुरुवात भाऊसोंपासून करावी लागते, आणि याचाच मला राग येतो. सांगलीत पैलतीर सेवा मंडळ म्हटलं की लोक भाऊसोंचंच नाव घेतात. भाऊसो मूळचे फलटणकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, कुपवाडला लेथ मशीनचं वर्कशॉप टाकलं आणि मंडळाचे अध्यक्ष झाले, ते आजतागायत आहेत. माणूस खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते. महापुरात त्यांनी बोट घालून जी माणसं बाहेर काढली, त्यांतली कितीतरी अजून दिवाळीला त्यांच्या घरी फराळ पोचवतात. वाईट माणसाशी भांडायला काही लागत नाही. चांगल्या माणसाशी भांडायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

मंडळ नदीत पोहणाऱ्यांचं. सकाळी कृष्णेत पोहायचं, मग घाटावरच्या गाड्यावर पोहे आणि चहा, एकमेकांची यथेच्छ टिंगल. उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवायचं, गणपतीत निर्माल्य गोळा करायचं, कुणी बुडालं आणि पोलिसांचा फोन आला की हातातलं काम टाकून जायचं. आणि पूर आला की बोट काढायची. सभासद होण्याची रीतही नदीतलीच. संक्रांतीच्या सकाळी घाटावरून पाण्यात उतरायचं, पात्र ओलांडून सांगलीवाडीच्या काठाला लागायचं. तिथे हातावर गुळाचा खडा पडला की झाला माणूस सभासद. अर्ज नाही, शिफारस नाही. परत येताना बोटीतून यायचं. आणि बोटीत, पूर असो की नसो, फक्त सभासदांनी बसायचं.

आता पलीकडच्या काठावर गूळ कोण देणार? अर्थात बायका. मंडळाला महिला विभाग आहे, आणि बॅनरवर आमच्यासाठी 'मातृशक्ती' असा शब्द असतो. या मातृशक्तीने भल्या सकाळी गुळाची ताटं घेऊन पुलावरून चालत पलीकडे जायचं, थंडीत उभं राहायचं, ओल्या गड्यांच्या हातावर गूळ ठेवायचा आणि रिकामी ताटं घेऊन पुन्हा चालत यायचं. त्रिशलावैनींनी नव्या सुनबाई असल्यापासून हे काम केलं. त्यांचे यजमान अण्णाप्पा हळदीचे अडते, मंडळाचे जुने सभासद. त्यांच्या हातावर पहिला खडा वैनींनीच ठेवला होता.

खरी गंमत पुढेच आहे. अण्णाप्पांपेक्षा वैनी चांगलं पोहायच्या. त्यांचं माहेर वारणाकाठचं, शेतकरी जैनांचं घर. पाठीला वाळका भोपळा बांधून आजोबांनी विहिरीत ढकललं, दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला, तिसऱ्यात त्या विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यावरून उड्या मारायला लागल्या. लग्न झालं आणि पोहणं बंद पडलं. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी विचारलंच नाही एवढंच. बायकांच्या बहुतेक गोष्टी अशाच बंद पडतात.

मग महापूर आला. बाजारपेठेत पाणी, हळदीच्या गोदामांत पाणी. वैनी आणि मी एका शाळेतल्या छावणीत चपात्या लाटत होतो. मी दीपाली, पतसंस्थेत नोकरी करते, नवरा मंडळात आहे म्हणून मीही मातृशक्तीत. दुपारी बोटीवरचे दोघे जेवायला आले आणि चिडून सांगायला लागले की एका गच्चीवर बाळंतीण आहे आणि ती बोटीत यायलाच तयार नाही. चार दिवसांची ओली बाळंतीण, कपडे खराब झालेले, घरात दुसरी बाई नाही. भाऊसोंनी वरून उचलून घ्यायला हात पुढे केला तर ती मागे सरकली. "बाई कोन हाय का बोटीत?" एवढंच विचारत राहिली. बाई नव्हती. पाणी चढत होतं, बाकीच्या गच्च्यांवर माणसं ओरडत होती. बोट पुढे गेली.

वैनींनी लाटणं खाली ठेवलं. "मला न्या," म्हणाल्या. "मला पवायला येतंय."

"सभासद न्हाईसा वैनी," त्यातला एक म्हणाला. "भाऊसो बसू देणार न्हाईत. डिसिप्लिन हाय."

त्या बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी सैन्याच्या बोटीने आणलं. अंगात ताप, बाळ मात्र ठणठणीत. तिचं नाव पल्लवी. छावणीत वैनींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या रडल्या. दुःखाने नव्हे, संतापाने. मी शेजारीच बसले होते, मला कळतं.

पूर ओसरला, चिखल निघाला, सत्कार झाले. वैनी माहेरी गेल्या आणि येताना गाडीच्या डिकीत वाळके भोपळे घेऊन आल्या. दर रविवारी आम्ही चौघी त्यांच्या भावाच्या सांगलीजवळच्या मळ्यातल्या विहिरीवर. पुढे पाचवी पल्लवी आली, बाळ सासूकडे ठेवून. पहिल्या दिवशी ती कमरेएवढ्या पाण्यात पायरीचा दगड धरून उभी होती. मी तर सरळ पळूनच निघाले होते. वैनींनी मागून दंड धरला.

"कुठं चाललीस? पतसंस्थेला सुट्टी हाय की आज."

"वैनी, मला भीती वाटते."

"वाटू दे की. भीती वाटत वाटत पवायचं. मी बी तसंच शिकलो."

वैनी आमच्याकडच्या बायकांसारखं 'आलो, गेलो' बोलतात. सोलापूरच्या एका मास्तरणीने त्यांना सुधारायला बघितलं होतं, ती मास्तरीण नंतर गप्पच झाली.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. मध्ये रोगाच्या साथीने घाट ओस पडला, पण विहिरीला कोण टाळं लावणार. भोपळे सुटले. मार्केट यार्डात अण्णाप्पांची चेष्टा सुरू झाली. कुणी म्हणे, अडत बंद करून पोहण्याचा क्लास काढताय का. अण्णाप्पा भांडखोर नाहीत. ते फक्त म्हणायचे, "ती माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकत असली तर सांगून बघा." कुणी सांगायला गेलं नाही.

संक्रांतीच्या आधी मंडळाची बैठक असते, संध्याकाळी, जेवणासकट. महिला विभाग वाढायला. आता वैनी पडल्या जैन, सूर्य मावळला की अन्न बंद. त्यामुळे त्या घरून जेवून येतात, आणि वाढून झालं की सगळ्यांच्या तोंडात घास असतो, त्यांच्या एकटीचं तोंड मोकळं असतं. मंडळाने इतकी वर्षं बैठका घेतल्या पण यातला धोका कुणाच्या लक्षात आला नाही.

"यंदा आमी पाच जणी नदी वलांडणार," वैनी आमटीचं भांडं हातात घेऊनच म्हणाल्या. "मग आमाला बोटीवर घ्यायचं. पुराच्या येळंला."

घास थांबले. भाऊसोंनी पाणी पिऊन घेतलं. "वैनी, हौस हाय तर टाकीत पवा की. मी सोता जलतरण तलावावर तुमच्यासाठी टाइम मागून घेतो. लेडीज टाइम."

"महापूर टाकीत येत न्हाई, भाऊसो."

"आवं पण बायकांनी घाटावर, सगळ्या गावाम्होरं, वल्या अंगानं," भाऊसो अडखळले. हा एवढा सुभेदार माणूस, सीमेवर राहिलेला, आणि ओल्या बाईचं नाव काढताना त्याचे कान लाल झाले. "उद्या तुमच्यातल्या कुणाला काय झालं तर जिम्मेदारी माझी. माझी बोट सोबतीला येणार न्हाई. बोटीबिगर कुणी उतरायचं न्हाई, हा नियम हाय."

"पल्लवीची जिम्मेदारी कुणाची हुती?"

भाऊसो ताटावरून उठले. त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी असं मला वाटतं. न लागो. आम्हालाही लागत नव्हती.

संक्रांतीला धुकं होतं. बंधाऱ्यामुळे पाणी भरलेलं, संथ, आणि असं गार की हाताचं बोट बुडवलं तरी दातावर दात आपटावेत. शिट्टी झाली, पुरुष उतरले, बोट त्यांच्या सोबतीला निघाली. आम्ही घाटाच्या वरच्या अंगाला शाली पांघरून उभ्या होतो, लोकांना वाटलं बघायला आल्यात. वैनींनी शाल काढली. खाली अण्णाप्पांचा जुना सदरा आणि सलवार. मागे वळून आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पायऱ्या उतरल्या. मग आम्हाला थांबता येईना.

काठावर गलका झाला तो मला पाण्यातही ऐकू आला. नियम भाऊसोंनी केला होता, पण माणसं बुडू देणं त्यांच्या रक्तातच नाही. बोट झटक्यात वळली आणि आमच्या बाजूला आली. सोबतीला येणार नव्हती ती बोट. अर्ध्यावर पल्लवीचा दम तुटला. तिचे हात वेडेवाकडे पडायला लागले.

"पोरी, बोटीला धर," भाऊसो ओरडले. त्यांचा आवाज खरोखर कळवळून आला होता.

बोटीला हात लागला की ओलांडणं बाद, हे सगळ्यांना माहीत होतं. वैनी पोहत पल्लवीजवळ गेल्या. "धरू नगंस. पाठीवर पड. आभाळाकडं बघ. श्वास घे." पल्लवी पाठीवर पडली. वैनी तिच्याभोवती पाणी कापत राहिल्या, मी आणि बाकीच्या दोघी थोड्या अंतरावर, आणि बोट नुसती शेजारी. मग पल्लवी वळली आणि पुन्हा हात मारायला लागली.

काठावर गुडघाभर चिखलात आमचे पाय लागले. मी रडत होते आणि हसत होते. समोर ताट घेऊन हरणाबाई. मंडळ ज्यांनी सुरू केलं त्यांची विधवा, सत्तरी ओलांडलेली, गुळाचं पहिलं ताट कायम त्यांचंच. मागे सगळे सभासद टॉवेल गुंडाळून उभे.

"काकू," भाऊसो बोटीतूनच म्हणाले, "बायकांस्नी देऊ नका."

हरणाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "कुणाच्या हातावर ठेवायचा त्ये आजवर मला कुणी सांगितलं न्हाई, भाऊसो. तुला दिला तवा तरी मी कुणाला इचारलं हुतं?"

मला त्या क्षणी कळलं की या गड्यांनी काय चूक करून ठेवली होती. किरकोळ काम म्हणून गूळ बायकांच्या हातात दिला, आणि सभासद करण्याचा अधिकार त्याच ताटात ठेवला. इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. हरणाबाईंनी पाचही जणींच्या हातावर खडा ठेवला. पल्लवीचे हात दमून वर येईनात, म्हणून तिचा खडा तोंडातच घातला.

वैनी थेट बोटीत जाऊन बसल्या. त्यांच्यामागे आम्ही.

"उतरा," भाऊसो म्हणाले. "वैनी, मी हात जोडतो. गूळ झाला, कौतुक झालं. उतरा आता."

"उतरवा की," वैनी म्हणाल्या. केसांतून पाणी गळत होतं, सदरा अंगाला चिकटला होता, आणि त्या ताठ बसल्या होत्या. "या, धरा हाताला आनि उतरवा."

ओल्या बाईच्या हाताला धरायचं कुणी? भाऊसो एकदा वैनींकडे बघत, एकदा काठावरच्या माणसांकडे. काठावरची माणसं चिखलाकडे बघत होती. ज्या लाजेपायी आम्हाला बोटीत घेत नव्हते, त्याच लाजेपायी आता बाहेर काढता येईना. भाऊसोंनी शेवटी वल्हं उचललं आणि आमच्याकडे पाठ करून बसले. वैनी मात्र दुसरं वल्हं घेऊन त्यांच्या बरोबरीने मारत होत्या.

पुढचे काही महिने भाऊसो आमच्याशी बोलले नाहीत. पोह्यांच्या गाड्यावर आम्ही आलो की ते चहा अर्धा टाकून उठायचे. वैनी त्यांच्या देखत दुसरी बशी मागवायच्या. मंडळ फुटलं नाही, पण कुणी कुणाची फारशी टिंगलही करेना, आणि मला त्याचं वाईट वाटायचं.

श्रावणात धरणातून पाणी सोडलं आणि नदी घाटाच्या पायऱ्या गिळायला लागली. सकाळी वैनींचा फोन वाजला. भाऊसो होते. वैनींनी स्पीकर लावला.

"वैनी, वाडीच्या मळ्यात तीन घरं पाण्यात हायती. दोन गरवार बाया गच्चीवर हायती." मागे पावसात गाडीचा हॉर्न वाजत होता. "मी कुपवाडहून निघालोय. बोटीवर कोन कोन येऊ शकतंय तुमच्यातलं?"

वैनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होत्या. पल्लवी दोर सोडत होती, मी इंजिनाच्या टाकीत पेट्रोल ओतत होते.

"आमी पाची जणी बोटीत बसलोय, भाऊसो," वैनी म्हणाल्या. "तुमी आला तर आला, न्हाई तर आमी निघालो."