अमादेउची ताटली

बेल्मिरो आमच्या काझा मेश्कीता हॉटेलाचा मुख्य वाढपी. ताठा असा, की सूपनंसुद्धा त्याला विचारून निवावं! ताटली टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या पेराएवढी आत; तसूभर हलली तर वाढप्याची धडगत नसे. मी तिथली स्वयंपाकीण, देओलिंदा. माझं नि त्याचं रोज वाजायचं.

पोर्तुगालातल्या पोर्तो शहराच्या या उतारावर जुन्या मालकिणीने, दोना एउफ्राझियाने, १९०८ साली निळ्या फरशा नि उंच आरसे लावून हे हॉटेल थाटलं. नाताळच्या आदल्या दिवसाची रीतही तिचीच. दुपारची गिऱ्हाइकं गेली, की आम्ही नोकरमाणसं लांब टेबलावर उकडलेला खारा कॉड मासा, बटाटे नि कोबी जेवायचो. इथं राबून गेलेल्या प्रत्येक मयताची ताटली वाढायची, काही न उचलता दाराला कुलूप लावायचं, ते सव्वीसलाच काढायचं. वाढायचं काम बेल्मिरोचं, किल्लीही त्याच्याच खिशात.

एक ताटली मात्र तो कधी मांडत नसे. त्याचा धाकटा भाऊ अमादेउ इथंच वाढपी होता. डावखुरा, पेला नेहमी डावीकडे ठेवायचा आणि बेल्मिरोच्या शिव्या खायचा. अमादेउचं नि माझं लग्न ठरलं होतं. लष्करातली भरती चुकवायला तो कॉड धरणाऱ्या बोटीवर गेला आणि १९६४ साली धुक्यात त्याची होडी हरवली. प्रेत मिळालं नाही.

"प्रेत नाही तर मेला कसा?" बेल्मिरो म्हणायचा. "ताटली मांडली, की आपण त्याला मारला. माझा भाऊ येईल."

बत्तीस वर्षं मी ऐकून घेतलं. मलाही वाटायचं, येईल. पण त्या वर्षी माझाच धीर सुटला. सगळे कोट चढवत असताना मी शेवटच्या खुर्चीपुढे ताटली ठेवली, कॉडचा तुकडा वाढला, पेला रीतीप्रमाणे उजवीकडे.

बेल्मिरोने पाहिलं. "कुणाची गं ही?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"उचल! उचल म्हणतो ना!"

"वाढलेलं उचलत नाहीत इथं. तुम्हीच शिकवलंत."

"मारलंस त्याला, देओलिंदा," तो म्हणाला आणि कुलूप घातलं. घरी जाऊन मी पोटभर रडले.

सव्वीसला सकाळी दोघंच आलो. कुलूप जसंच्या तसं. आत सगळ्या ताटल्यांवर तेल थिजलेलं, मासा जिथल्या तिथं. शेवटची ताटली मात्र पुसल्यासारखी लख्ख, काटासुद्धा शिल्लक नव्हता. पावाच्या टोपलीत चुरा उरला होता. मांजर म्हणाल, तर मांजर काही पेला उचलून डावीकडे ठेवत नाही.

खुर्चीची गादी ओलीचिंब होती. बेल्मिरोने बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

मला वाटलं, आता हा माझ्यावर धावून येणार. पण तो त्या ओल्या खुर्चीवरच बसला. आरशात आम्ही दोघं म्हातारे दिसत होतो. त्याने ताटली जवळ ओढली, नि पेरभर अंतर मोजायचंही विसरला.

"सगळं खाल्लं गं," तो म्हणाला. "दर वर्षी येत असेल. इतरांची ताटं भरलेली बघून परत जात असेल. बत्तीस वर्षं उपाशी ठेवला मी त्याला."