खडकावरून वऱ्हाडात

कालवड मेली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या हाताची जखम केव्हाच भरून आली होती. ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, एक कोल्हं भरदिवसा आमच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात शिरलं आणि दावणीच्या कालवडीच्या नाकाडाला डसलं. हे सोडवायला धावले, तर ते त्यांच्या मनगटाला लोंबकळलं. शेजारच्या शेतातल्या माणसांनी काठ्या घालून त्याला मारलं. गावातल्या एका जाणत्यानं जखमेला डाग दिला, वर तिखट भरलं, कसला तरी पाला वाटून पाजला. मग पेरणी सुरू झाली, पाऊस लागला, आणि आम्ही ते विसरून गेलो.

श्रावणात कालवडीनं वैरण सोडली. घशात काही अडकलं असेल म्हणून यांनी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती घोगऱ्या आवाजात हंबरायला लागली. खुंट्याला चावे घेई. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत. पाण्याचं घमेलं पुढं केलं की तिचं सगळं अंग थरथरायचं. मग ती खाली पडली ती उठलीच नाही.

माझं माहेर डोंगरकडा गावचं. मी लहान असताना आमच्या गल्लीतल्या एका माणसाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्यालाही सगळे बरा झाला म्हणत होते. शेवटी त्याला बाजेला बांधून ठेवावं लागलं. तो हात जोडून पाणी मागायचा, आणि पाणी आणलं की तोंड फिरवून ओरडायचा. तो आवाज आमच्या घरात दोन भिंतींपलीकडून येत असे. आई माझ्या कानांवर हात ठेवायची, तरी यायचा.

हे सगळं मी यांना सांगितलं. ते म्हणाले, माझा हात बरा झाला, आता काहून मागं लागून राहिलीस? मी तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं आणि म्हटलं, हे माझ्यादेखत पिऊन दाखवा. ते हसले, तांब्या उचलून घटाघट प्यायले. मी म्हटलं, "उद्या पुन्हा आणीन. परवा बी आणीन. असं किती दिवस आणू ते तुमीच सांगा."

तांब्या खाली ठेवल्यावर त्यांनी मनगटावरचा वण अंगठ्यानं दाबून पाहिला. तेव्हा मला कळलं की भीती त्यांच्याही मनात होती, फक्त त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. ते दारात जाऊन बसले आणि तिथून त्यांनी विचारलं, "कुठं जावं लागंल?"

वऱ्हाडात सरकारी दवाखान्यात पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यावर पोटात सुया देतात, असं सेनगावच्या बाजारात एका कापडवाल्याकडून ऐकलं होतं. आमच्या बाजूला, निजामाच्या मुलखात, जवळपास ती सुई कुठं मिळते हे कुणालाच सांगता येईना. वऱ्हाड म्हणजे पैनगंगेच्या पलीकडं. उन्हाळ्यात बैलगाडीनं सहज जाता येई. पण ऐन पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत गाडी आसापर्यंत रुतते, बैल पोटापर्यंत. उरली एकच वाट, माळावरची. तिथं माती नाही, नुसता खडक, म्हणून पाय रुतत नाहीत.

त्या वाटेनं माणसं पोचवायचं काम तांड्यावरची एक बाई करायची. तिच्या घरच्यांचे पूर्वी लदणीचे बैल होते, मिठाची नि धान्याची ने-आण असायची. ते सगळं मोडलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं एक घोडी आणि एक तट्टू ठेवलं. तो वारल्यावर ती स्वतःच लगाम धरून पुढं चालू लागली. पावसाळ्यात अडलेले व्यापारी, लग्नाला निघालेले पाहुणे, माहेरी निघालेल्या लेकी, अशांना ती घोड्यावर बसवून डोंगर ओलांडून देई. चाळिशीची असेल. उंच, हाडापेराची, कमी बोलणारी.

मी तिला सगळं खरं सांगितलं. कोल्हं चावल्याचं ऐकताच ती दोन पावलं मागं सरली.

"वाटेत ह्याला काही झालं तर मी माझी जनावरं घेऊन वापस फिरीन," ती म्हणाली. "तुला बी तिथंच सोडीन. आधी बोलून ठेवते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

लेकरू पाच महिन्यांचं होतं. नदीला पूर, वर पाऊस, त्याला कसं न्यायचं? आत्याबाई म्हणाल्या, शेळीच्या दुधावर ठेवीन, तू जा. माझ्या सासूनं माझ्याशी इतकं मऊ बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही. त्या एकुलत्या लेकाची आई होत्या. निघताना मी लेकराला पोटभर पाजलं आणि ते झोपल्यावर मागच्या दारानं निघाले.

मी त्याआधी कधी घोड्यावर बसले नव्हते. घोडीच्या पाठीवर खोगिराऐवजी घडी केलेली गोधडी होती आणि दोरीच्या रिकिबी. हे तट्टावर. ती बाई काठी घेऊन पुढं. गाव संपलं, ज्वारीची रानं संपली, आणि चढ लागला. आधी तांबडा मुरूम, मग काळा खडक. गुरं राखायला गेलेल्या माणसांकडून त्या माळाबद्दल ऐकलं होतं, पण इतका खडक एका जागी मी पहिल्यांदाच पाहत होते. कुठं अंगणासारखा सपाट, कुठं मोठमोठे गोल धोंडे, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे एकेक थर सुटलेले. एका ओढ्याच्या काठाला तर दगडाचे खांबच्या खांब उभे होते, कुणी घडवून रचल्यासारखे. फुटलेल्या खडकात पांढऱ्या गारगोट्या चमकत होत्या. पुढं खूप वर्षांनी माझ्या लेकानं शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, की हा सगळा दगड एके काळी जमिनीच्या पोटातून उकळत वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्या दिवशी मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की इथं माणसाला काही झालं तर पुरायलासुद्धा माती नाही.

पाऊस बारीक पडत होता. ओल्या खडकावर घोडीचे खूर घसरत आणि प्रत्येक वेळी मी लगाम ओढी. ती बाई मागं न बघता सांगायची, अंग सैल सोड, लगाम ओढू नको, तिला तिचं बघू दे. मांड्या सोलून निघाल्या होत्या. पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मी यांच्याकडं बघत होते. ते मान कशी वळवतात, आवंढा कसा गिळतात, लाळ तर थुंकत नाहीत. सकाळपासून त्यांनी पाणी मागितलं नव्हतं. भाकरी खायला थांबलो तेव्हा मी पाण्याची छागल पुढं केली. ते म्हणाले, तहान न्हाई.

ती बाई खायची थांबली. मी पुन्हा छागल पुढं केली. त्यांनी तोंड फिरवलं आणि चिडून म्हणाले, पावसानं अंग भिजून राहिलं, तहान कुठून लागंल? मी छागल तशीच धरून उभी राहिले. माझा हात भरून आला, तरी धरून ठेवली. शेवटी त्यांनी ती हिसकावून घेतली आणि दोन घोट घेतले. बाई पुन्हा खायला लागली. मी मात्र माझी भाकरी तशीच बांधून ठेवली.

दुपार कलल्यावर एका उतारावर तट्टाचा पुढचा पाय दोन धोंड्यांच्या फटीत गेला. ते तोल जाऊन पुढं पडलं आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. हे बाजूला फेकले गेले. खरचटलं होतं, बाकी धड होते. तट्टू तीन पायांवर उठलं. चौथा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता.

ती बाई त्याच्याजवळ गेली. तिनं पाय चाचपला, मग त्याच्या मानेवर हात ठेवून तशीच उभी राहिली.  हे म्हणाले, वापस फिरू, झालं एवढं पुरं झालं.  ही बाई आता फिरणार, हे मी धरूनच चालले होते. माणसाला काही झालं तर फिरीन म्हणणारी बाई जनावर गमावल्यावर पुढं कशाला येईल?

"वापस जायला बी तेवढंच लांब हाय," ती यांना म्हणाली. "पाटील, घोडीवर बस. पोरगी पायी चालंल."

तिनं तट्टाच्या पाठीवरची गोधडी काढली. आजूबाजूला खडकाच्या फटींतून उगवलेलं गवत उपटून त्याच्या तोंडापुढं ढीग घातला आणि चालायला लागली. ते मागून खिंकाळत राहिलं. आम्ही उतार उतरून दिसेनासे होईपर्यंत त्याचा आवाज येत होता. ती एकदाही वळली नाही. मी तिच्या मागं अनवाणी चालत होते. दूध साठून छाती दगडासारखी झाली होती. एका धोंड्याआड बसून मी ते पिळून खडकावर टाकलं. टाकताना लेकराचं तोंड आठवू नये म्हणून काहीबाही मोठ्यानं पुटपुटत होते.

नदीवर आलो तर पूर होता. तिथं पैनगंगा एका रुंद खडकाच्या पाट्यावरून वाहते आणि उन्हाळ्यात माणूस चपला हातात घेऊन पार होतो. त्या संध्याकाळी पाट्याचा मागमूसही नव्हता. काठावरच्या एका पडक्या देवळात राहिलो. सकाळी पाणी उतरलं, तेव्हा बाई काठीनं ठाव घेत बरीच आत जाऊन आली आणि म्हणाली, घोडीच्या पोटाला लागंल, चला.

हे घोडीवर बसेनात. काठापासून मागं मागं सरकत गेले. चेहरा उतरला होता.

"मला पाण्याची भीती वाटून राहिली," ते म्हणाले.

बाईनं घोडीचा लगाम हातात गुंडाळला आणि ती माझ्याकडं पाहू लागली. माझ्या कानात डोंगरकड्याच्या त्या घरातला आवाज घुमायला लागला. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कधीपासून वाटून राहिली?"

"लहानपणापासून." त्यांनी खाली बघितलं. "हिरीत पडलो होतो. कुणाला बोललो न्हाई."

हे खरं की त्या रोगाचं बोलणं, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी नदीवर गेले, ओंजळ भरून गढूळ पाणी आणलं आणि त्यांच्या तोंडाला लावलं. येता येता निम्मं सांडलं होतं. उरलेलं ते प्यायले. गिळलं. मी त्यांच्या गळ्याची घाटी खाली-वर होताना पाहिली. मग पुन्हा जाऊन आणलं, पुन्हा पाजलं.

"बस झालं पोरी," बाई म्हणाली. "प्यायला तो. आता बसव."

त्यांनी डोळे मिटून घोडीची आयाळ दोन्ही मुठींत धरली. बाई पुढं, मी मागं घोडीचं शेपूट धरून. पाण्याखालचा खडक शेवाळानं गुळगुळीत झाला होता. मध्यावर माझे पाय सुटले आणि मी ओढ्यातल्या काडीसारखी आडवी झाले. शेपूट सोडलं नाही. घोडी क्षणभर थांबली, मग तशीच मला ओढत चालत राहिली, आणि पायाला पुन्हा दगड लागला.

पलीकडं सडक होती, मोटार मिळाली; बाई घोडी घेऊन तिथूनच परत फिरली. डॉक्टरांनी हात पाहिला, कालवडीची हकिकत ऐकली आणि सांगितलं की उशीर झालाय, खात्री देता येत नाही, पण सुया सुरू करू. रोज एक, पोटात. हे ओठ चावून पडून राहत. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी रोज दोनदा दूध पिळून टाकी. शेवटी शेवटी पिळायला काही उरलंच नाही. सुया संपल्यावर डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत काही झालं नाही तर वाचलात समजा.

पाऊस ओसरल्यावर गाडीनं आलो. लेकरू जिवंत होतं, अंगानंही बरं होतं. मी हात पुढं केले तर ते किंचाळून आत्याबाईंना बिलगलं. मला ओळखायला त्यानं पुष्कळ दिवस घेतले, आणि अंगावर ते पुन्हा कधी प्यालं नाही.

मी तांड्यावर जाऊन आले. आम्हाला नदीपार सोडून बाई त्याच दिवशी माळावर परत गेली होती, तेव्हा तट्टू आडवं झालं होतं. जीव होता अजून. मरेपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. आता एकाच घोडीवर एका वेळी एकच माणूस नेते, असं म्हणाली. मी तिला काय द्यायचं ते मला सुचेना. मी तिच्या दारात बसून रडले, आणि तिनं मला रडू दिलं.

मग होळीपर्यंतचे दिवस. ते जेवायला बसले की मी त्यांच्या तांब्याकडं बघत बसे. ते चिडत, कधी ताट ढकलून उठत. एकदा खोकला झाला म्हणून मी सगळी रात्र जागी होते. एकदा ते म्हणाले, कोल्ह्यानं न्हाई मारलं तर तू बघून बघून मारशील. मी तांब्या पुन्हा भरून त्यांच्यापुढं ठेवला.

होळी आली, पेटली, विझली. दुसऱ्या दिवशी ते हरभऱ्याच्या मळणीला गेले. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते झाडाखाली झोपले होते, तोंड उघडं टाकून घोरत होते. मी त्यांना उठवलं नाही. भाकरी डोक्याशी ठेवली आणि बाजूलाच उन्हात बसून राहिले, काहीच न करता.