बेचाळीस वेढे

माझा दादा मोटर वाइंडर होता. जळलेल्या पंपाच्या, पंख्याच्या, चक्कीच्या मोटरी लोक त्याच्याकडे आणत आणि तो त्यातली करपलेली तार काढून नवी भरून देई. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मध्ये अंधारा जिना. व्हार्निशचा वास आमच्या चादरींना, पाण्याला आणि माझ्या ऑफिसच्या साड्यांनाही येई. ऑफिसातल्या बायका नाकाला रुमाल लावत, मी दुर्लक्ष करी. दादाचं लग्न राहून गेलं, माझं मी राहू दिलं.

तार भरताना तो ओठांतल्या ओठांत वेढे मोजी. नवीन माणसाला वाटे, जप चालला आहे. गल्लीने त्याचं नाव मोजणीमास्तर ठेवलं होतं. लहानपणी मी मुद्दाम शेजारी उभी राहून भलतेच आकडे ओरडायची, सतरा, नव्वद, अकरा, आणि त्याची मोजणी चुकवायची. तो रागवायचा नाही. भरलेली तार उलगडायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. मला त्याचा हा थंडपणा कधी सोसला नाही. घरातला सगळा ताप माझ्या एकटीच्या वाट्याला आला होता.

त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो ज्या उस्तादांकडे शिकला, त्यांच्या दुकानात वहीत वेढ्यांचा आकडा नेहमी चारने कमी लिहीत. पन्नास भरले तर शेहेचाळीस. वही कुणी पळवली तरी हाती काही लागू नये म्हणून. उस्तादांचे शागिर्द पुढे जिथे गेले तिथे ही खोड घेऊन गेले. दादाच्या तीस वर्षांच्या वह्यांत एकही आकडा खरा नव्हता, आणि हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

समोरच्या गल्लीत एक जारवाला राहतो. पिण्याच्या पाण्याचे वीस-वीस जार तीनचाकी सायकलवर लादून चढावरच्या इमारतींना पोचवतो. त्याचा गुडघा गेला तेव्हा दादाने भंगारातून त्याच्यासाठी मोटर बनवायला घेतली. बाजारातल्या मोटरींत लांबून येणारं महागडं चुंबक असतं. दादाने ते काढूनच टाकलं. नुसतं लोखंड आणि तांबं, बारा कॉइल, आणि जारवाल्याच्या छपरावरच्या सोलर पत्र्याने भरणारी बॅटरी. सहा मोटरी फसल्या. सातवी बसवली त्या दिवशी जारवाला चढावर पाय न मारता गेला आणि वर पोचून तिथेच बसून रडला. दादा म्हणाला, उन्हात गरम किती होते ते बघायला हवं.

एका निधीची जाहिरात मीच आणली. पेट्रोलशिवाय चालणाऱ्या वाहनांचे शोध लावणाऱ्यांना पैसे मिळणार होते, आणि मोटर पसंत पडली तर कारखाना काढून देणार होते. दादा तिसरी शिकलेला. अर्ज मी लिहिला, आकृत्या मी काढल्या, त्याने सांगितलेलं शब्दन् शब्द सुवाच्य अक्षरात उतरवलं. वेढ्यांच्या रकान्याशी आलो तेव्हा तो बराच वेळ थांबला. खाली गेला, पाणी प्यायला, वर आला आणि म्हणाला, बेचाळीस लिही. मी लिहिलं.

निधीच्या बाई सभ्य होत्या. त्यांनी नियम समजावून सांगितला. आधी तुमची मोटर आमच्या प्रयोगशाळेत तीनशे तास चालेल. मग आमचा वाइंडर केवळ तुमच्या कागदांवरून दुसरी मोटर भरेल, तीही तीनशे तास चालली पाहिजे. तो वाइंडर कोण ते तुम्हाला कळणार नाही, तुमचं नाव त्याला कळणार नाही. जी वस्तू एकाच माणसाच्या हाताला येते तिचा कारखाना निघत नाही, असं बाई म्हणाल्या. त्यात चूक काहीच नव्हतं.

दादाची मोटर तीनशे तास कुरकुर न करता चालली. त्या महिन्यात दादाला दमा लागलेला होता, व्हार्निशने छाती खाल्ली होती, तरी तो शिट्टी वाजवत जिना चढायचा. डॉक्टरांनी दुकान बंद करायला सांगितलं होतं. कारखाना निघाला की धुरापासून लांब, काचेच्या खोलीत खुर्ची टाकून बसेन, असं तो म्हणायचा, आणि मी त्या खुर्चीला उशीचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं.

दुसरी मोटर एकोणिसाव्या तासाला जळाली. अहवाल माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आला. आधी चार पानं तक्ते होते, ते मी ओलांडले आणि शेवटची ओळ वाचली. अर्जदाराच्या कागदांवरून मोटर तयार होत नाही, सबब अर्ज नामंजूर. माझ्या डोक्यात लख्ख झालं, की ह्याने खोड सोडली नाही. निधीलासुद्धा चार कमी सांगितले. तो थांबला होता, पाणी प्यायला गेला होता, ते उगाच नव्हतं.

घरी आले तेव्हा तो जिन्यात बसून दम घेत होता. मी वर जायचीही वाट पाहिली नाही.

"चार कमी सांगितलेस ना मला?"

"नाही. बेचाळीसच आहेत."

"निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस, दादा."

तो कठड्याला धरून उठला आणि खाली जाऊन दुकान उघडलं. अहवाल मी कपाटाच्या तळाशी कोंबला. त्याने तो कधी मागितला नाही, मी कधी दाखवला नाही. त्यानंतर दोन वर्षं तो पंपाच्या मोटरी भरत राहिला. मला मोजण्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. मी आले की त्याचे ओठ थांबत. शेवटी दवाखान्यात नाकात नळी असताना तो माझ्याशी दुधाच्या पिशवीबद्दल आणि जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलला. मोटरीबद्दल अवाक्षर नाही.

तो गेला आणि मी नोकरी सोडून दुकानात बसले. त्याच्या आजारपणात थोडंफार काम शिकले होते, साधे पंखे भरता येत. निधीने परत केलेली ती मोटर जारवाल्याच्या सायकलवर चालतच होती. गेल्या महिन्यात जमिनीखालचा नळ फुटला, रस्त्यात गुडघाभर पाणी साचलं आणि मोटर बुडून जळाली. जारवाला ती पोत्यात घालून घेऊन आला. ताई, होईल का, एवढंच त्याने विचारलं. दुसरी कुठे मिळणार नव्हती, आणि त्याचा गुडघा आता दुसऱ्या पायालाही खेचत होता.

अर्जात बेचाळीस, म्हणजे खरे शेहेचाळीस, असं मनाशी धरून मी कामाला बसले. जुनी कॉइल एका बाजूने कापतात आणि कापलेली टोकं मोजतात, म्हणजे खात्री होते. मी मोजली. बेचाळीस भरली. पुन्हा मोजली, टोकं दोऱ्याने बांधून मोजली. दुसरी कॉइल कापली. बाराच्या बारा कापल्या. प्रत्येकीत बेचाळीस होते.

काढलेलं तांबं भंगारात द्यायचं म्हणून सवयीने काट्यावर टाकलं. दोन किलो शंभर ग्रॅम. तेव्हा मला कपाटाच्या तळातला अहवाल आठवला. तिसऱ्या पानावर तक्त्यात लिहिलं होतं, चाचणी मोटरीतील तांबं, दोन किलो तीनशे. बाराही कॉइलींचा एकेक वेढा मिळून पन्नास ग्रॅम होतात. दोनशे ग्रॅम म्हणजे प्रत्येक कॉइलीत चार वेढे जास्त. हे पान मी दादाला वाचून दाखवलं असतं, तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. आकडे त्याला माझ्याहून चांगले वाचता येत.

अहवालावरच्या पत्त्यावरून प्रयोगशाळेतला तो वाइंडर शोधायला आठवडा गेला. साठीला टेकलेला, दादासारखीच काळी पडलेली बोटं. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि काहीही लपवलं नाही.

"नाव नव्हतं कागदावर, पण तार बसते त्या खाचेत आतला कागद कसा दुमडायचा ते वाचलं आणि कळलं, हा आमच्याच उस्तादांचा माणूस. म्हटलं, चार कमी लिहिलेले असणार. बिचाऱ्याचं काम अडू नये म्हणून मी आपणहून चार घातले. खाचेत बसत नव्हते, ठोकून बसवले."

ठोकताना तारेवरचा मुलामा खरवडला जाऊन मोटर जळाली असणार, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

"जळाली तेव्हा का नाही बोललात?"

"कागदाबाहेर काही करायचं नाही, असा हुकूम होता. नोकरी गेली असती." मग त्याने विचारलं, "किती होते हो खरे?"

मी सांगितलं. तो हातातली पक्कड टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसला. मी भांडायला गेले होते. पण त्याने जे मानलं तेच मीही मानलं होतं, आणि तो तर परका होता.

निधीच्या कचेरीतही जाऊन आले. तो निधी दोन वर्षांपूर्वीच बंद झाला आहे. त्या खोलीत आता टपालाची आवक-जावक बघतात.

मोटर मी भरली. आठ दिवस लागले. जारवाला रोज येऊन दारात बसायचा आणि मध्येच काही विचारायला तोंड उघडायचा. मी हात वर केला की गप्प व्हायचा. दोनदा मोजणी चुकली, दोनदा तार उलगडून एकपासून सुरू केलं. तेव्हा दादा का रागवत नव्हता, याचा विचार केला. मला वाटतं, मी जवळ उभी असणं त्याला आवडत असावं.

मोटर फिरली. जारवाल्याने चढावर एक फेरी मारली, परत आला आणि म्हणाला, अगदी मास्तरांनी भरल्यासारखी चालते. किती वेढे घातलेत, ताई?

"अर्जात लिहिलेत तेवढेच," मी म्हटलं. हे एवढं मी तेव्हा म्हणायला हवं होतं, जिन्यात दम घेत बसलेल्या माणसाला.